शब्दसेवकांची केरसुणी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो. रोज घर झाडावं आणि रोज तेवढाच केर निघावा, तशातली गत. कुठून येतो, देव जाणे! आमच्या बंगलोरच्या घरात तर केराला आणि किश्शांना आत यायची वाट एकच होती, पुढच्या खोलीचं दार. दर शनिवारी संध्याकाळी त्या दारातून तीन विद्वान आत यायचे आणि चौथे, म्हणजे आमचे हे, आधीच आत असायचे.

मी सांगलीची. लग्न होऊन बंगलोरला आले ती पन्नास सालानंतर. यांना सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी, मल्लेश्वरमला भाड्याचं घर. परमुलखात चार शब्द मराठी कानावर पडावेत म्हणून मंडळी जमायला लागली, इथपर्यंत ठीक होतं. पण चार मराठी माणसं एकत्र आली की मंडळ काढल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही! झालं, 'शब्दसेवक मंडळ' निघालं.

अध्यक्ष आप्पासाहेब टेंबे, यांच्याच कारखान्यातले मोठे ऑफिसर. आपण पुण्याचे, असं ते दर तिसऱ्या वाक्याला सांगायचे. खरं म्हणजे सासवडचे, पण ते कुणी काढायचं नाही. दुसरे गणपुले मास्तर, जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून आलाय असं मानणारे. तिसरे कारखानीस, ते प्रत्येक शब्द फारसीतून आलाय म्हणणारे. आणि आमचे हे चिटणीस. यांचं मत विचाराल तर जो शेवटी बोलला त्याचं!

दिवेलागणीच्या आत केर काढायचा, ही माझ्या सासरची-माहेरची दोन्हीकडची शिस्त. त्यामुळे मंडळी ऐन रंगात आली की मी केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत. मी खुर्चीपाशी पोचले की चौघेही, बोलणं तसूभर न थांबवता, पाय वर उचलायचे. केर पुढे सरकला की पाय खाली. घरच्या साफसफाईत पुरुषांचा हातभार एवढाच, त्याला पायभार म्हणा हवं तर.

*

मंडळानं ठरवलं, घरगुती शब्दांचा कोश करायचा. पहिला शब्द कोणता घ्यायचा यावर तीन शनिवार गेले. शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "सुरुवात शुभ हवी. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. केरसुणी घ्या!"

गणपुले लगेच सरसावून बसले. "सोपं आहे. 'कृ' धातू, म्हणजे विखुरणं. त्यातून केर. आणि सुणी म्हणजे शोधनी, शुद्ध करणारी."

"अहो, फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ," कारखानीस म्हणाले. "गर्दचा केर व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि तुमचा झाडू म्हणजे फारसीतला जारूब!"

"झाडू नाही, केरसुणी चाललीय!"

"दोन्ही एकच!"

"एकच कशी? झाडू वेगळा, केरसुणी वेगळी, खराटा वेगळा!" गणपुले तांबडेलाल झाले. मग विदर्भात फडा म्हणतात, कोल्हापूरकडे साळुता म्हणतात, कुठे शिराई म्हणतात, असं सगळं निघालं. वेगळेपण नेमकं कशात, हे मात्र एकालाही सांगता येईना. शेवटी आप्पासाहेबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "वहिनी, जरा एक नमुना आणता का?"

मी दाराआडची केरसुणी नेऊन दिली. आप्पासाहेबांनी ती अशी धरली, बुडखा खाली आणि पानं वर, पूजेतल्या मोरपिसासारखी! आणि चौघांना नीट दिसावी म्हणून ठेवली कुठे, तर टेबलावर, चिवड्याच्या बशीला टेकवून!

मी बशी उचलली आणि आत निघाले.

"अहो वहिनी, चिवडा?"

"लक्ष्मीनं उष्टावलाय," मी म्हटलं. "आता तिच्याशीच बोला."

*

याच सुमाराला आप्पासाहेबांचा पुतण्या वसंत बंगलोरला आला. वडील लहानपणीच गेलेले, काकांनी शिकवलेला. त्याच कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. मुलगा गुणी, पण काकांपुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही.

आला तो थेट आमच्याकडे, कारण काकांच्या घराला कुलूप. दार उघडते तो समोर एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं. मला वाटलं, सतार असेल. म्हटलं, चला, घराण्यात एक तरी रसिक निपजला!

माझ्याकडे तेव्हा शेजारच्या सुंदराक्का आणि त्यांची मुलगी इंदू बसल्या होत्या. सुंदराक्का म्हणजे इथल्या जुन्या मराठी घरातल्या. शहाजीराजांच्या काळात यांची माणसं या मुलखात आली आणि इथलीच झाली. घरात मराठीच बोलायची, पण निम्म्या वाक्यात कानडी आपसूक यायचं. यजमान पोस्टात होते, ते गेले आणि अक्कांनी इंदूला एकटीनं वाढवलं. इंदू हायस्कुलात शिकवायची. हसरी, पण जिभेला धार.

वसंतानं कागद सोडला. आत केरसुणी! शिंदीच्या पानांची, नवीकोरी, बुडख्याला घट्ट वेटोळं घातलेली.

"काकांनी मागवली," तो म्हणाला. "लक्ष्मीपूजनाला आपल्याकडचीच लागते म्हणाले. इथल्या चालत नाहीत."

गाडीत बिचाऱ्याला झोप नाही. खाली ठेवावी तर कुणाचा पाय लागेल, वर ठेवावी तर कुणी ट्रंक टाकेल, म्हणून रात्रभर मांडीवर घेऊन बसला होता.

इंदूनं आधी आईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "अय्यो, मग लक्ष्मीला वेगळं तिकीट काढलंत की मांडीवर फुकट आणलीत?"

वसंत कानापर्यंत लाल झाला आणि पहिल्यांदाच हसला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी अक्कांकडे. बायकांना एवढं पुरतं.

त्या केरसुणीचं पुढे काय झालं ते ऐका. आप्पासाहेबांनी दिवाळीत तिची हळदकुंकू वाहून यथासांग पूजा केली, आणि उचलून ठेवली शोकेसमध्ये, काचेआड! घर झाडायला मोलकरणीच्या हातात इथल्याच बाजारातली.

"वापरत का नाही हो?" मी विचारलं.

"झिजेल ना!" आप्पासाहेब म्हणाले.

*

आप्पासाहेब स्वतःला सुधारक म्हणवायचे. एका शनिवारी त्यांनी केरसुणीच्या अंधश्रद्धांवर तासभर आमचं प्रबोधन केलं. तिला पाय लागला तर नमस्कार का करायचा? ती उभी का ठेवायची नाही? दिवा लागल्यावर केर का काढायचा नाही? "आणि सगळ्यात हास्यास्पद म्हणजे," ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "माणूस घराबाहेर पडला की पाठोपाठ केर काढायचा नाही! का, तर प्रेत उचलल्यावर घर झाडतात म्हणून! म्हणजे जिवंत माणसामागं झाडलं तर तो काय मरतो? हा सगळा बायकांचा खुळचटपणा."

आमचे हे माझ्याकडे न बघता "अगदी, अगदी" करत होते.

पुढच्याच महिन्यात आप्पासाहेबांना दिल्लीला बोलावणं आलं. मोठ्या जागेसाठी मुलाखत. निरोप द्यायला आम्ही सगळे त्यांच्या घरी. दही हातावर घातलं, जटका दारात उभा, सामान चढलं, आप्पासाहेब चढले. घोडा चार पावलं गेला असेल नसेल, आणि त्यांची नवी मोलकरीण, तिला दुसऱ्या घरी जायची घाई, खराटा घेऊन अंगणात आली आणि लागली की सपासप झाडायला!

"थांबव! थांबव रे जटका!"

आप्पासाहेब चालत्या जटक्यातून असे उतरले की वाटावं माणूस ऐन विशीत आहे. घरात आले, खुर्चीत बसले, घाम पुसला, पाणी मागितलं.

"अहो, गाडी!" हे म्हणाले.

"चुकू दे."

"आणि मुलाखत?"

"दिल्लीची हवा मला मानवत नाही," आप्पासाहेब म्हणाले.

त्या मोलकरणीला मात्र दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. ती जागा पुढे कुणा दुसऱ्याला मिळाली, आणि आमच्या शनिवारांवर आप्पासाहेब कायमचे राहिले. माझंच नशीब, दुसरं काय!

*

वसंत आणि इंदूचं तोवर जमल्यासारखं होतं. जमलं म्हणजे काय, आताच्यासारखं काही नाही. माझ्याकडे विरजण मागायला ती यायची तेव्हा काकांचा निरोप घेऊन तोही नेमका यायचा. आमच्याकडे एवढं विरजण लागायचं की दोन म्हशी बाळगाव्या लागल्या असत्या! अक्कांना मुलगा पसंत होता. अडचण एकच, काका. आणि काकांच्या लेखी अक्का मराठीच नव्हत्या.

एका शनिवारी अक्का सहज आल्या आणि मी केर काढत होते म्हणून म्हणाल्या, "आण गे ती पोरके इकडे, तू स्वल्प बैस."

पोरके म्हणजे कानडीत केरसुणी. आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर कडू काढा प्यायल्यासारखं आलं. "बाई, तुम्ही स्वतःला मराठी म्हणवता ना? मग ही कसली भेसळ?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "आमची माणसं शहाजीराजांच्या घोड्यामागून आली, आप्पासाहेब. तुम्ही कुठल्या गाडीनं आलात?"

आमच्या ह्यांना ठसका लागला. आप्पासाहेबांनी पाय खाली ठेवायचे होते ते तसेच वर राहिले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पुढच्या आठवड्यात गणपुले मास्तर घामाघूम होऊन आले. त्यांच्या घरमालकीणबाई परसात सूप घेऊन बसल्या होत्या. मास्तरांनी विचारलं काय चाललंय, तर कळलं की सुपात धान्य पाखडायला कानडीत 'केरु' म्हणतात.

"पाखडल्यावर जो कोंडाकचरा बाजूला पडतो, तो केर!" गणपुले कुजबुजले. एखाद्या घरात चोरी उघडकीला यावी तसा त्यांचा आवाज. "आप्पासाहेब, माझा 'कृ' धातू गेला. केर कानडीच दिसतोय!"

कारखानिसांना तर दुहेरी दुःख, संस्कृत हरलं पण फारसीही जिंकली नाही.

आप्पासाहेबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "मतदान घ्या."

"शब्दाचं?" मी दारातून विचारलं.

"का? मंडळ लोकशाहीवर चालतं!"

ठराव मांडला, केर हा शब्द कानडी नाही. चार हात वर. ज्या माणसानं हा शोध लावला त्या गणपुल्यांचाही हात वर!

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"एकमत असलेलं बरं दिसतं, वहिनी," ते म्हणाले.

*

आता हा किस्सा मला आठवला की अजून डोकं तडकतं.

मंडळानं बायकांसाठी व्याख्यान ठेवलं. विषय, 'केरसुणी आणि भाषाशुद्धी'. वक्ते आप्पासाहेब. जागा एका शाळेचा हॉल. व्यासपीठावर टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर प्रदर्शन मांडलेलं. शोकेसमधली केरसुणी, खराटा, कुंचा, झाडणी, फडा, सगळ्यांपुढे नावाच्या चिठ्ठ्या. झाडण्याचं इतकं साहित्य एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि हॉल? शाळेला सुट्टी होती. खाली धुळीचा थर, कबुतरांची घाण, कागदाचे बोळे! शिपाई आलाच नाही. आम्ही बायका नेसत्या साड्या सावरत दारात उभ्या. आणि चारही शब्दसेवक व्यासपीठाखाली हात मागे बांधून शिपायाची वाट बघत उभे. अर्धा तास!

शेवटी आप्पासाहेबांनी जाहीर केलं, "हॉल झाडलेला नसल्यामुळे केरसुणीवरचं व्याख्यान पुढे ढकलण्यात येत आहे."

इंदूनं पदर खोचला. तरातरा व्यासपीठावर गेली, खराटा उचलला आणि झाडायला लागली.

"अहो, ठेवा तो!" आप्पासाहेब ओरडले. "तो नमुना आहे!"

"मग आता कामाचा नमुना बघा," ती म्हणाली.

ती झाडत होती आणि आम्ही दोघी-तिघी बायका बाकं सरकवत होतो. वसंत तिथेच होता. केराचा ढीग त्याच्या पायाशी आला, पलीकडे सुपली पडली होती. त्यानं सुपलीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काकांनी भुवई वर केली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या मुलानं एक पाय उचलला, केर पुढे जाऊ दिला, आणि पाय खाली ठेवला.

इंदूनंही ते पाहिलं. व्याख्यान झालं, टाळ्या झाल्या. घरी येताना तो मागून हळूच म्हणाला, "दमलात का?"

"तुम्हाला हात आहेत का हो?" इंदूनं विचारलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती विरजण मागायला आली नाही. तो मात्र येऊन माझ्या पायरीवर बसायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं." मी म्हटलं, "बाबा रे, मला सांगून काय उपयोग? मला सांगणारा एक घरात आहेच, तोही दर शनिवारी पायच उचलतो."

*

अखेर त्यानंच काकांपुढे विषय काढला. काय बोलला, कसा बोलला, देव जाणे, पण मुलगी बघायला यायला आप्पासाहेब तयार झाले. मध्यस्थ म्हणून आम्ही दोघं नवराबायको.

अक्कांचं घर म्हणजे दोन खोल्या, पण आरशासारख्या. दारात रांगोळी, केळीच्या पानाच्या तुकड्यांवर केशरी शिरा आणि उप्पीट, वर फिल्टरची कॉफी. अक्कांनी पुसलेलेच पेले पुन्हा पुसले आणि कॉफी ओतली. एकुलती एक पोर, वडील नाहीत, मुलाचं मन आहे आणि सगळं अडलंय एका माणसाच्या होकारावर. मला त्यांच्याकडे बघवेना.

आप्पासाहेबांनी शिरा दोनदा घेतला. मग रुमालानं तोंड पुसून परीक्षा सुरू केली. कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मुली, ते काय आहे?"

"पोरके," इंदू म्हणाली.

"मराठीत सांग."

"मराठीतच बोलतेय. आमच्या घरात आजीपणजीपासून असंच म्हणतात."

आप्पासाहेब ह्यांच्याकडे बघून हसले. हे पण हसले. मी ह्यांच्या पायावर पाय दिला, तेव्हा थांबले.

"असो," आप्पासाहेब म्हणाले. "मी काही संकुचित वृत्तीचा माणूस नाही. मुलगी दिसायला बरी आहे, शिकलेली आहे. आमची पसंती आहे!"

अक्कांनी डोळे मिटून हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला. पण आप्पासाहेबांचं संपलं नव्हतं.

"एकच अट. लग्नानंतर वर्षभर मुलीनं माहेरी पाऊल टाकायचं नाही. आईनंही आमच्याकडे यायचं नाही. रोज हेच कानावर पडत राहिलं तर सुधारणा कशी व्हायची? वर्षभरात आम्ही तिची भाषा झाडूनपुसून स्वच्छ करून घेऊ. मग खुशाल भेटा मायलेकी!"

हाकेच्या अंतरावरचं घर हो! मध्ये एक कुंपण आणि रस्त्याचं एक वळण. अक्कांच्या दारातून आप्पासाहेबांचं घर दिसायचं. आणि वर्षभर मुलीचं तोंड बघायचं नाही!

"काका," वसंत म्हणाला, "असं कसं..."

"तू गप्प बैस."

वसंत गप्प बसला. मला वाटलं, उठावं आणि दोघांच्याही कानाखाली वाजवावी. इंदू जमिनीकडे बघत होती. अक्का उठल्या. तबकातला विडा त्यांनी आप्पासाहेबांच्या हातावर ठेवला.

"सरी," त्या म्हणाल्या.

सरी म्हणजे बरं, ठीक. आप्पासाहेबांना तेवढं कानडी येत होतं. ते खूश होऊन उठले. "बघा, समजूतदार आहेत बाई! चला, याद्या पुढच्या शनिवारी करू. वहिनींच्या घरीच करू, चिवडा असतो." हेही उठले. मी उठले. आम्ही दाराशी आलो. आप्पासाहेब पायरीवर बसून बूट चढवायला लागले. एक बूट पायात, दुसरा हातात. वसंत अजून आतच, खुर्चीच्या कडेवर, मान खाली घालून.

आणि आतून आवाज आला. सप्, सप्, सप्.

मी वळून पाहिलं. इंदूनं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची जरीची साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. थेट आप्पासाहेब बसले होते त्या जागेपासून सुरुवात करून ती दाराकडे झाडत येत होती. शांतपणे, कोपरान् कोपरा. अक्का तबक हातात धरून बाजूला उभ्या होत्या, तिला थांबवत नव्हत्या.

"अहो! अहो, हे काय!" आप्पासाहेब एका बुटावर उठले. "मी अजून दारात आहे! अहो बाई, आवरा मुलीला! वसंता! वसंता, चल! ऊठ!"

वसंत उठला.

इंदूचा हात थांबला. केर तिच्या पुढ्यात जमला होता. तिनं वर पाहिलं नाही.

वसंत दाराकडे दोन पावलं आला. मग वळला, कोपऱ्यात गेला, तिथली सुपली उचलली आणि नव्या पँटीची घडी मोडत तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. दोन्ही हातांनी त्यानं सुपली केरापुढे धरली.

मघापर्यंत त्याला अहो-जाहो करणाऱ्या अक्का पुढे झाल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या,

"स्वल्प तिरकी धर रे, केर मागं सांडतोय."